फुटाळ्यावर फुकट धावता येतं, मग शर्यतीसाठी मुंबईला कशाला जायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४३, सहा महिन्यांपासून नागपुरात फुटाळा तलावावर धावताय, मैत्रिणींनी पुढच्या जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरची शर्यत, धरली आहे, आणि घरचे म्हणतात, 'रस्ता इथेही आहे, मग तिकीट काढून तिकडे धावायचं कशाला?'

मी नागपूरच्याच महाल भागातली, वय ५२. नऊ वर्षांपूर्वी गांधीसागर तलावाच्या काठाने नुसतं चालायला लागले, तेव्हा मलाही घरी हाच प्रश्न विचारला गेला होता. माझं उत्तर आहे, जरूर जा. फक्त मधला हा नागपूरचा उन्हाळा धावून काढा आणि मग जा. आपल्या थंडीच्या भरवशावर मुंबईला जाऊ नका. मी तशी गेले होते.

तयारीत कसर नव्हती. नोव्हेंबरपासून एक रविवार चुकवला नव्हता. सेमिनरी हिल्सचा चढ, खाली फुटाळा, लॉ कॉलेज चौकापर्यंत जाऊन परत. पहाटे पारा १०-१२ वर, हवा कोरडी, कानाला रुमाल बांधून निघायचं. १८ किलोमीटर धावून आले तरी टी-शर्ट जेमतेम ओला व्हायचा. मला वाटलं, आता वर तीनच किलोमीटर उरलेत. मुंबईत पहाटेच्या अंधारात सागरी सेतूवर पाय टाकला आणि चौथ्या-पाचव्या किलोमीटरलाच घाम कोपरावरून टपकायला लागला. समुद्राचा वारा होता, पण घाम वाळेचना. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, नुसता घाम आल्यामुळे नाही. दमट हवेत तो वाळत नाही, आतली उष्णता आतच राहते आणि हृदयाला जास्त राबावं लागतं. फुटाळ्यावर ज्या वेगात मी गप्पा मारत धावायचे, त्याच वेगात तिथे तोंडातून शब्द फुटत नव्हता. पेडर रोडची चढण आली तेव्हा पाय लटपटत होते आणि हाताची बोटं सुजल्यासारखी जड झाली होती.

तिथे एका इमारतीच्या फाटकाशी एक आजी उभ्या होत्या. गाऊनवर शाल, हातात स्टीलचं ताट, ताटात सोललेल्या संत्र्याच्या फोडी, वरून मीठ भुरभुरलेलं. प्रत्येकाला म्हणत होत्या, 'घे बाळा, घे.' मी दोन फोडी घेतल्या. संत्र्यांच्या गावात माझा जन्म गेला, पण मीठ लावलेल्या फोडीने अंगात जीव येतो हे मला तिथे कळलं. पुढची चढण चालत गेले, उतारावर पुन्हा धावायला लागले आणि शर्यत पूर्ण केली. वेळ सांगण्यासारखी नव्हती. घरच्यांना हे सांगा, ताई. इथे आपण एकट्या धावतो. तिथे अनोळखी माणसं पहाटेची झोप मोडून आपल्यासाठी रस्त्यावर उभी राहतात. हे अनुभवायला तिकीट काढावंच लागतं.

आता उन्हाळ्याचं. उष्णतेत नियमित धावलं की साधारण १० ते १४ दिवसांत शरीर बदलतं. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं. हा बदल मात्र टिकाऊ नसतो, थंडीत काही आठवड्यांत उतरतो. आपल्या धावणाऱ्यांची फसगत इथेच होते, कारण मुंबईची शर्यत नेमकी आपल्या कडक थंडीत येते. म्हणून ती सवय पुन्हा जागवायला दुसऱ्या वर्षी मी डिसेंबरअखेरपासून आठवड्यातून तीन दिवस पहाटेऐवजी दुपारी धावले, अंगात पूर्ण बाह्यांचं जाडसर टी-शर्ट घालून. लोक बघायचे, बघू दिलं. त्या जानेवारीत पेडर रोड मी न थांबता चढले.

मे महिन्यात मात्र दुपारचं नाव काढू नका. पारा ४५ च्या वर जातो, ऊन लागलं तर माणूस हाती लागत नाही. पहाटे साडेचारला निघा, सहाच्या आत घरी या, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, आठ किलोमीटरच्या वर जाऊ नका. आपल्या कोरड्या हवेत घाम अंगावरच उडून जातो, म्हणून किती गेला ते कळत नाही. धावण्याआधी आणि आल्यावर वजन करा. एक किलो उतरलं म्हणजे जवळपास एक लिटर पाणी गेलं. ते भरून काढताना नुसतं पाणी ढोसू नका, त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं आणि भोवळ येते. लिंबू-मीठ-साखर किंवा कैरीचं पन्हं चालतं. रविवारी मोठं धावून आल्यावर तर्री पोह्यांची प्लेट मी सोडत नाही, पण अर्धा तास थांबून. बीपी, शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, यात मी काही बोलणार नाही.

साताऱ्याची हिल मॅरेथॉन पहिलीच शर्यत म्हणून धरू नका. यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो हे सगळे सांगतात, पण मांड्या जातात त्या उतरताना. आपलं शहर सपाट, उताराची सवयच नाही. तिथे जायचं तर सेमिनरी हिल्स फक्त चढू नका, उतरायचाही सराव करा. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस थेट साताऱ्याला जाते. प्रवास लांबचा आहे, दर स्टेशनात उतरून दोन मिनिटं पाय मोकळे केले नाहीत तर पोटऱ्या दगड होतात.

मुंबईसाठी विदर्भ एक्सप्रेस बरी, संध्याकाळी बसलं की सकाळी मुंबई. गुरुवारची गाडी घ्या. शर्यत रविवारी, बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, त्याआधी घ्यायचं असतं, आणि शनिवारी दिवसभर पाय वर करून पडता आलं पाहिजे. मिस्टरांना सोबत न्या. आमचे पहिल्या वर्षी कुरकुरत आले होते. दुसऱ्या वर्षी पेडर रोडला त्या आजींच्या फाटकाशी मी त्यांना पाहिलं, हातात संत्र्यांची पिशवी, सोलून सोलून ताटात टाकत होते. परतीचं तिकीट सोमवारचं काढा आणि खालचा बर्थ मागा.