आधी प्रश्न, मग जनावर

भाऊ, शिरपुरात बसून हृदयाच्या उपकरणांवर काम करायचं म्हणतोस, फार बरं वाटलं. ही उपकरणं माणसाआधी जनावरात तपासतात. म्हणून आधी कशाची चाचणी आहे ते पक्कं कर, जनावर त्यावरून ठरतं.

– स्टेंट (अरुंद धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी): डुक्कर. हृदयधमन्या माणसासारख्या. कुत्र्यात जोडवाहिन्या (धमन्यांना जोडणाऱ्या पर्यायी वाटा) जास्त, त्यामुळे अडथळ्याचा परिणाम झाकला जातो.
– जैविक झडप (प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली हृदयाची झडप): कोवळी मेंढी. तिच्यात कॅल्शियम लवकर साचतं, झडपेतली कमजोरी लवकर कळते.

नवखे हमखास चुकतात ते वाढीच्या हिशेबात. साधं डुक्कर काही महिन्यांत शंभर किलोपार जातं, बसवलेली झडप त्याला अपुरी पडते. लांबच्या चाचणीला मिनीपिग (लहानच राहणारं डुक्कर) किंवा मेंढी बघ.

साक्रीकडे ठेलारी मेंढपाळांचे कळप दिसतात म्हणून तिथली मेंढी थेट उचलू नकोस. प्राणिप्रयोगांच्या नीतिसमितीची मंजुरी, नोंदणीकृत पुरवठादार, विलगीकरण, सगळं आधी. आणि पशुवैद्यक पहिल्या बैठकीपासून हवाच.