ड्रॉइंग फ्रीज करण्याआधी

बेटा,

तुझं ड्रॉइंग नीट बघितलं. केळी वेफर्सचं मशीन आपल्या जळगावात बनावं हे मला मनापासून पटतं, रावेर-यावलची एवढी केळी ट्रक भरभरून कच्चीच बाहेर जाते आणि तिच्यावरचा पुढचा सगळा पैसा बाहेरचे लोक कमावतात. म्हणूनच सांगतो, आत्ता लगेच डिझाईन फ्रीज, म्हणजे पक्कं, करू नको.

आधी सावदा-फैजपूरकडे एखाद्या बचत गटाच्या भट्टीवर जा आणि तासभर नुसतं बघ, प्रश्न नंतर विचार. बाया सोललेलं केळ किसणीवर धरून काप थेट कढईतल्या तेलात पाडतात, कारण कच्च्या केळाला चीक असतो, काप ताटात साचले की एकमेकांना चिकटतात आणि काळे पडायला लागतात. आणि तुझ्या मशीनमधून काप ट्रेमध्ये पडतायत. म्हणजे बघ, एवढ्या एका गोष्टीने फ्रेमची उंची भट्टीवरून ठरणार, मोटर तेलाच्या वाफेपासून लांब घ्यावी लागणार, ट्रे तर पूर्ण उडाला. हे सगळं आत्ता कागदावर फुकट होतं, पॅटर्न आणि डाय, म्हणजे पार्टचे साचे, बनल्यावर याच बदलाला किती पैसे आणि किती महिने जातात ते प्रोडक्शनवाल्यांना विचार.

कॉलेजात क्यूएफडी, म्हणजे क्वालिटी फंक्शन डिप्लॉयमेंट, शिकलीच असशील, गिऱ्हाईकाचं म्हणणं डिझाईनच्या मापांत उतरवायची, 1972 मध्ये मित्सुबिशीच्या कोबे शिपयार्डात वापरलेली पद्धत. परीक्षेपुरता तक्ता काढून सोडून देऊ नको, खरंच कामाची गोष्ट आहे. बाई म्हणते "काप सारखा पडला पाहिजे", तिच्या त्या वाक्याचं तुला पात्याच्या गॅपमध्ये, डिस्कच्या आरपीएममध्ये, टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात किती फरक चालेल त्यात, रूपांतर करायचंय. तक्त्यात तिचं वाक्य तिच्याच शब्दांत लिही.

आता बोल्ट. तुझ्या असेंब्लीत एम-5, एम-6, एम-8 तिन्ही साईज आहेत आणि पातं काढायला ॲलन की लागते. पातं रोज धुवायचंय ना, चीक वाळला की खरवडावा लागतो, आणि संध्याकाळी भट्टी विझवून घरी निघालेली बाई ॲलन की कुठे शोधत बसेल? मग पातं धुतलंच जाणार नाही, दुसऱ्या दिवशी काप फाटणार आणि नाव मशीनचं खराब होणार. पात्याला हाताने फिरणारा बटरफ्लाय नट दे, पण कव्हर उघडलं की मोटर बंद झालीच पाहिजे असा स्विच बसव, त्यात काटकसर अजिबात नको. बाकी सगळीकडे शक्यतो एकच साईज ठेव, स्टोअरवाला, फिटर आणि गावातला रिपेअरवाला तिघांचंही काम सोपं होतं.

कॉस्ट कमी करायची तर जीई, म्हणजे जनरल इलेक्ट्रिक कंपनीतला इंजिनिअर लॉरेन्स माइल्स, त्याचा प्रश्न प्रत्येक पार्टला विचार, हा पार्ट नेमकं काय काम करतो आणि तेच काम अजून कशाने होईल? केळाला लागतं तिथे फूड ग्रेड स्टेनलेसच पाहिजे, साध्या लोखंडाने काप काळे पडतात. पण खालच्या फ्रेमला स्टेनलेस कशाला, एमएस, म्हणजे साधं माइल्ड स्टील, आणि पावडर कोटिंग पुरे.

आणि फॅब्रिकेशनवाला, परचेसवाला, सर्व्हिसवाला या तिघांना पहिल्याच ड्रॉइंगवर एकत्र बसव. आपल्याकडे डिझाईनवाले सगळं संपवून कागद खाली पाठवतात, मग वेल्डर म्हणतो इथे टॉर्चच जात नाही, आणि पुन्हा रिव्हिजन. हे मला अजिबात आवडत नाही, कारण वेल्डरला ते पहिल्या दिवशीच दिसलं असतं, त्याला कुणी विचारलंच नाही.

पायलट लॉट, म्हणजे चाचणीची पहिली मशीनं, थोडाच काढ आणि मे महिन्यात वापरायला दे. बाहेर 44-45 डिग्री, बाजूला भट्टी, त्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं, मोटर तिथे टिकली तर टिकली. मशीन देऊन शेजारी उभी राहू नको, तू असलीस की त्या बाया सांभाळून वापरतील. आठवड्याने जा आणि कुठे दोरी बांधलीय, कुठे खाली वीट लावलीय, कोणतं कव्हर काढून ठेवलंय तेवढं बघून ये, पुढची रिव्हिजन त्यावरूनच कर. मोटरचं सँपल आलं की कळव, कमी व्होल्टेजवर चालवून बघायची सोय आमच्या शॉपमध्ये आहे.

तुझा काका