तुझे साडेनऊ, आईचे दोन

"मावशी, मी २८ वर्षांची, इचलकरंजीची. पुण्यात पाच वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं आणि १ ऑक्टोबरला जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका गावात, नोकरीवर रुजू झाले. बाबा नाहीत, आई घरी एकटी असते. इथे येऊन सात आठवडे झाले आणि मी रोज रडते. ऑफिसातले लोक पावणेबाराला उठून जेवायला जातात, मला कुणी बोलवत नाही. मॅनेजर फक्त चुका दाखवतो. पहिला पगार सांगितल्यापेक्षा बराच कमी आला, पण विचारायची लाज वाटते. रविवारी सगळं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मागच्या आठवड्यात कुणीतरी माझ्या दाराला एक पाटी अडकवून गेलं. खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्याकडे बोट दाखवून दोनदा जोरात काहीतरी बोलल्या. मी घाण करते असं त्यांना वाटत असावं. पाटी अजून तिथेच आहे, काढायची भीती वाटते. ऑफिस सुटलं की आईला व्हिडिओ कॉल लावते, तो झोपेपर्यंत सुरूच असतो. तिला यातलं काहीही सांगितलेलं नाही. मी मजेत आहे असं तिला वाटतं. डिपॉझिट आणि पहिल्या भाड्यासाठी काकांकडून तीन लाख घेतलेत. सगळं सोडून परत येऊ का? लोक काय म्हणतील?"

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग भाचीला फोन लावला. ती त्याच भागात आठ वर्षं राहते. पाटीचं ऐकून ती हसत सुटली. रागावू नकोस, तिच्याही दाराला ती लागली होती आणि तीही तुझ्यासारखीच घाबरली होती.

त्या पाटीवर 'केअरवोखे' असं काहीतरी लिहिलेलं असेल. अर्थ सरळ आहे, झाडण्याचा आठवडा. जुन्या वाड्यात जिना झाडायच्या पाळ्या असायच्या ना, तसंच. तुझ्या त्या स्वाबियन मुलखात, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या भागात, ही पद्धत पंधराव्या शतकापासूनची म्हणून सांगतात आणि लोक ती भक्तिभावाने पाळतात. ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, पुसायचा. काही घरांत फुटपाथ आणि कचऱ्याचे डबेही त्याच्याकडे येतात, बर्फ पडला तर तोही हटवायचा. तुझ्या भाडेकरारात कुठेतरी हे लिहिलेलं असेल, काढून बघ. म्हणजे तू घाण करतेस असं आजी म्हणत नव्हत्या. तुझी पाळी आली आहे, आणि तू झाडत नाहीयेस, एवढंच त्या सांगत होत्या. दुसऱ्यांदा जास्त जोरात सांगत होत्या, कारण आठवडा संपत आला होता. पाहुण्याच्या दाराला कुणी पाटी लावत नाही, हेही जाता जाता लक्षात घे.

आता जेवणाचं. तुझ्या पत्रात एक वाक्य होतं, जागेअभावी वर छापलेलं नाही. पहिल्या दिवशी शेजारच्या मुलीने "येतेस का?" विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "नको, डबा आणलाय." अगं, इचलकरंजीत या वाक्याचा अर्थ 'अजून एकदा विचारा' असा होतो. आपण दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा पानावर बसतो. तिकडे आग्रह हा प्रकार नाही. नको म्हणजे नको, आणि पुन्हा विचारणं हा त्यांच्या लेखी त्रास देणं. ती मुलगी तुला टाळत नाहीये, तुझ्या शब्दाचा मान राखते आहे. उद्या पावणेबाराला तूच उठ आणि म्हण, "आज मीही येते." डबा घेऊन जा. भाजीचा वास येईल म्हणून टेबलावर एकटी, झाकण अर्धं उघडून जेवत बसतेस असं लिहिलं आहेस. पहिल्या दिवशी हवं तर दहीभात ने. पण लपून जेवू नकोस.

मॅनेजरबद्दल काळजी करण्यासारखं मला तरी काही दिसलं नाही. स्वाबियन लोकांत एक म्हण आहे, तिचा भावार्थ असा की ओरडलो नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. आपल्याकडचे जुने गणिताचे मास्तर याच घराण्यातले. तरी मनात खुटखुट ठेवू नकोस. पंधरा मिनिटं वेळ माग आणि थेट विचार, माझ्या कामात काय ठीक चाललंय आणि काय सुधारायला हवं. थेट विचारलेलं तिकडे चालतं, आवडतंही.

पगाराचं मात्र आजच बघ. पगारपत्रकावर 'श्टॉयरक्लासे' असा रकाना असेल, म्हणजे कराचा वर्ग. एकट्या माणसाचा वर्ग १ असतो. तिथे ६ दिसला तर तुझा कर-क्रमांक कंपनीकडे पोचलेला नाही आणि म्हणून सगळ्यात जास्त दराने कर कापला गेला आहे. तो क्रमांक टपालाने येतो, नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी केल्यावर काही आठवड्यांनी. नोंदणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच केलीस म्हणतेस, मग तो यायला हवा होता. म्हणून तुला एक प्रश्न. तुझ्या टपालपेटीवर नाव कुणाचं आहे?

मला खात्री आहे, आधीच्या भाडेकरूचं. तिकडे पत्त्यात फ्लॅटचा नंबर सहसा नसतोच. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो. आडनाव जुळलं तर पत्र टाकतो, नाही तर परत पाठवतो. कर-क्रमांक, विमा कंपनीचं कार्ड, बँकेची पत्रं, दर घरामागे महिना १८.३६ युरो मागणारं ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र (ते तुला सोडणार नाही, टीव्ही नसला तरी), सगळं त्या आडनावावर अडतं. आज घरी गेलीस की कागदावर ठळक अक्षरात आडनाव लिही आणि चिकटपट्टीने लाव. बेलवरही लाव. नीट पाटी घरमालकाकडून नंतर होईल. आलेलं पत्र परत गेलं असेल तर क्रमांक पुन्हा मागवता येतो, आणि तो कंपनीला कळला की जास्तीचा कापलेला कर तुला परत मिळतो. पगार खात्यातल्या माणसाला हे रोज कुणी ना कुणी विचारतं, त्यात लाजायचं काय?

हे झालं सोपं. आता ज्यासाठी मी खरं म्हणजे हे उत्तर लिहायला बसले ते.

ऑफिस सुटल्यावर तू आईला फोन लावतेस आणि झोपेपर्यंत तो सुरू ठेवतेस. किती वाजता झोपतेस? पत्रात साडेनऊ लिहिलं आहेस. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली. तोवर तुझ्यात आणि आईत साडेतीन तासांचं अंतर होतं, आता साडेचार. म्हणजे तुझे साडेनऊ वाजतात तेव्हा इचलकरंजीत रात्रीचे दोन वाजलेले असतात. एकटी राहणारी बाई रात्री दोनपर्यंत फोन डब्याला टेकवून बसते आणि सकाळी पाण्याला उठते. कशासाठी? तर मुलीला मजेत बघायला.

ती फसलेली नाही, पोरी. मजेत असलेली मुलगी रोज चार तास आईला फोन लावून बसत नाही, हे न कळण्याइतकी कुठलीच आई भोळी नसते.

मला कसं माहीत? मी १९८७ साली लॅब टेक्निशियन म्हणून मस्कतला गेले. पहिले दोन महिने पगारच झाला नाही, आज देतो उद्या देतो चाललं होतं. घरी लिहायचे, सगळं छान आहे. पुरावा म्हणून मत्राच्या समुद्राकाठी फोटो काढून पाठवला. माझ्या साड्या बऱ्या दिसत नव्हत्या म्हणून खोलीतल्या मल्याळी मैत्रिणीची नेसले होते, मोरपंखी रंगाची. तीन आठवड्यांनी आईचं पत्र आलं. फोटो छान म्हणून एक ओळ आणि खाली दुसरी, "साडी कुणाची?"

त्या रात्री मी सहा पानं लिहिली, सगळं खरं. मला वाटलं, आता ती घाबरून परत बोलावेल. उत्तरात तिने स्वतःचं लग्नानंतरचं पहिलं वर्ष लिहून पाठवलं. कोकणातून देशावर आलेली, तिथल्या भाकऱ्या थापता येईनात, बोलणं ऐकून जावा हसायच्या, विहिरीवर जायचं म्हणजे पोटात गोळा. हे तिने आम्हा भावंडांना कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, कारण मला सगळं छान होतं ना!

तुझ्या आईचं माहेर कुठलं? तीही कधीतरी कुठून तरी इचलकरंजीला आली असेल, एका पेटीनिशी, अनोळखी घरात, जिथली भांडी कुठे ठेवतात हे माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. त्या कामातला अनुभव तिच्याकडे आहे आणि तू तिला समोर बसवून नुसतं कौतुक करायला लावते आहेस.

तर फोनची वेळ बदल. सकाळी सात वाजता लाव. तिकडे साडेअकरा झालेले असतात, ती स्वयंपाकाला लागलेली असेल, तू चहा घेत असशील. वीस मिनिटं बोल, त्यात एक तरी खरी गोष्ट सांग. सुरुवात पाटीपासून कर. एकदम सात आठवड्यांचं रडगाणं ओतू नकोस, तिलाही झेपायला हवं. संध्याकाळचा फोन बंद. पहिले चार-पाच दिवस ती संध्याकाळ अंगावर येईल, हे आधीच सांगते. डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळ लांबलचक असते.

ती भरायला काहीतरी ठरलेलं हवं. कॉलेजात बॅडमिंटन खेळायचीस म्हणतेस. जर्मन माणूस लिफ्टमध्ये मैत्री करत नाही, पण क्लबात करतो. 'फेराइन' म्हणतात त्याला. लहानशा गावातही खेळाचा एक असतोच, वर्गणी माफक असते आणि रॅकेट हातात घेतल्यावर भाषा फारशी लागत नाही. दुसरं, नगरपालिकेच्या 'फोल्क्सहोखशूले'त संध्याकाळचे जर्मन वर्ग असतात, तिथे नाव घाल. ऑफिसात इंग्रजीवर भागतं म्हणून तू ते टाळलंस आणि जिन्यात अडकलीस. स्टुटगार्ट भागात मराठी माणसंही आहेत, गणपती बसतात, त्यांनाही भेट. मात्र शनिवार-रविवार तेवढ्यावरच काढू नकोस. नाही तर पुण्यातच राहिल्यासारखं होईल, फक्त भाडं युरोत.

रविवारी दुपारी ऊन असेल तेवढ्यात बाहेर पड. दुकानं बंद असतात, रानातल्या वाटा नाहीत. आठ दिवसांची खरेदी शनिवारी उरकायची हे अंगवळणी पडायला मलाही मस्कतच्या शुक्रवारांनी महिने घेतले.

एक गोष्ट गंभीरपणे. झोप लागत नाही, जेवण जात नाही, असं अजून दोन आठवडे चाललं, तर तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे जा आणि रडू येतं हे तोंडाने सांग. तुझ्या पगारातून आरोग्य विमा कापला जातो तो यासाठीच आहे. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७ हा नंबर आहे, आणि जिवावर बेतण्यासारखं काही मनात आलं तर वाट न बघता ११२.

परत यायचं की नाही? ये, यायचं असेल तर. त्यात नामुष्की नाही. पण नोव्हेंबरातल्या काळोखात ठरवू नकोस. तुझ्या करारात सहा महिन्यांचा परीक्षेचा काळ लिहिला आहेस, म्हणजे तो मार्चअखेर संपतो. तोवर दोन आठवड्यांची नोटीस देऊन सुटता येतं. तिकडची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे जातात आणि तुझं-आईचं अंतर साडेतीन तासांवर येतं. तो रविवार धर. तोपर्यंत जिना, जेवण, पेटी, बॅडमिंटन आणि सकाळचा फोन एवढं करून बघ आणि तरीही नको वाटलं तर सोमवारी कागद दे. फक्त नोकरी सोडण्याआधी व्हिसाच्या कार्यालयात कळवायचं काय आणि कधी, ते विचारून घे. डिपॉझिट घरमालकाकडे सुरक्षित असतं, पण हिशेब होऊन हातात यायला काही महिने लागतात, हे काकांना आताच सांगून ठेव. त्यांना पैशापेक्षा न कळवल्याचा राग जास्त येईल.

लोकांचं मी काही लिहीत नाही. त्यांना तुझ्याआधी दुसरा विषय मिळालेला असेल.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तुझ्या त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, त्यामुळे अशी पत्रं आता वाढणार असं दिसतं. म्हणून तुझं हे सगळं इतकं सविस्तर छापलं.

आजींकडे जा. 'एन्टशुल्डिगुंग' म्हण, म्हणजे माफ करा, आणि झाडू दाखव. त्या जिना कसा पुसायचा हे शिकवायला लागतील, आणि ते शिकवणं बराच वेळ चालेल. शिकून घे. मग पुसून झालं की ती पाटी तुझ्या दारावरून काढ आणि शेजारच्या दाराला अडकव. आता त्यांची पाळी.