‘सहाय्यक’ खोडा, ‘सहाय’ आठवा

प्रश्न असा आला आहे : सुरुवातीच्या सुपरहिरो कॉमिक्समधल्या रॉबिन (बॅटमॅनचा जोडीदार), जिमी ओल्सन आणि लोइस लेन (सुपरमॅनच्या कथांतले) यांना मराठीत ‘सहाय्यक पात्रे’ म्हणावे की ‘दुय्यम पात्रे’?

आधी ‘सहाय्यक’ खोडा. मूळ शब्द ‘सहाय’, त्याचा ‘सहायक’. सहायाचा भाव ते ‘साहाय्य’, त्याचा ‘साहाय्यक’. दोन्ही चालतात. अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे घेऊन केलेला ‘सहाय्यक’ मात्र दारावरच्या पाट्यांपासून पुस्तकातल्या ऋणनिर्देशापर्यंत सगळीकडे भेटतो आणि दर वेळी दाताखाली खडा येतो. ‘दुय्यम’ हा फारसीतून आलेला, नुसता क्रम सांगणारा शब्द. नाते त्यात नाही.

नाते ‘सहाय’मध्ये आहे. हल्ली सहायक म्हणजे हाताखालचा माणूस. संस्कृतात सहाय म्हणजे सोबती. नेहमीची फोड ‘सह + अय’, बरोबर जाणारा. पण दुसरेही एक मत आहे आणि मला तेच पटते : ‘सहाय’ हे ‘सखाय’चे प्राकृत वळण. शब्द चालवून पाहा : सखा, सखायौ, सखायः. प्राकृतात दोन स्वरांमधला ख झिजून ह होतो. मुखचे मुह, सखीची सही, आणि त्या सहीची आपली सई. म्हणजे सहाय आणि सई एकाच घरचे! ही व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली म्हणणाऱ्यांना विचारतो, प्राकृतात घडून संस्कृतात परतलेले शब्द काय थोडे आहेत? फोड जुळली म्हणजे शब्दाचा जन्म सापडला असे होत नाही.

विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात नायकाच्या सोबत्यांना ‘सहाय’च म्हटले आहे. त्यांतला पीठमर्द म्हणजे गुणांनी नायकापेक्षा किंचित उणा, दूरवर चालणाऱ्या उपकथेत त्याच्याबरोबर असणारा. उदाहरण दिले आहे रामाच्या सुग्रीवाचे.

आता डिटेक्टिव्ह कॉमिक्सचा ३८वा अंक घ्या, एप्रिल १९४०. सर्कशीत झुल्याच्या दोऱ्या तुटून आईबाप गेलेला पोरगा, डिक ग्रेसन, मेणबत्तीच्या उजेडात उजवा हात वर करून बॅटमॅनसमोर शपथ घेतो. समोर बॅटमॅनचाही हात वर. सुग्रीवाशी रामाने अग्नी साक्षी ठेवून सख्य केले, तेच हे चित्र! मे १९३९ पासून अकरा महिने बॅटमॅन एकटाच हिंडत होता. लेखक बिल फिंगरची अडचण साधी होती : याने बोलायचे कुणाशी? होम्सला वॉटसन, तसा याला कुणीतरी हवा होता. मदतनीस नंतर, आधी सखा.

जिमीचेही तेच. सुपरमॅनच्या कथा छापणाऱ्या ॲक्शन कॉमिक्सच्या नोव्हेंबर १९३८ च्या अंकात गळ्याला बो लावलेला एक बिननावाचा ऑफिसबॉय दिसतो. पुढे त्याचाच जिमी मानला गेला. नाव मिळाले ते एप्रिल १९४० मध्ये, सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेत. रेडिओवर चित्र नसते, जे घडते ते कुणीतरी कुणाला तरी सांगावे लागते. छापील पानावर जिमी हे नाव १९४१ च्या अखेरीस आले आणि १९५४ मध्ये त्याच्या नावाचे स्वतंत्र कॉमिक निघाले. मुखपृष्ठावर त्याची ओळख काय? सुपरमॅनचा दोस्त. सहाय!

लोइस लेन राहिली. तिला सहायक, साहाय्यक, दुय्यम, काहीही म्हणू नका. ॲक्शन कॉमिक्सच्या जून १९३८ च्या पहिल्याच अंकात नाचाच्या जागी एक दांडगा तिच्या अंगचटीला येतो, तर ती त्याच्या थोबाडीत देते आणि गप्प बसलेल्या क्लार्क केंटला, म्हणजे साध्या वेशातल्या सुपरमॅनलाच, भेकड म्हणून निघून जाते. ती नायकाच्या बरोबर जातच नाही. ती नायिका.