गोव्यात झुआरी नदीवर पूल नव्हता तेव्हा पणजीहून मडगावला गाडीने कसं जायचे?

आगशीपर्यंत गाडीने, तिथून गाडीसकट फेरीबोटीत बसून पलीकडे कुठ्ठाळीला. 1983 साली झुआरी पूल सुरू होईपर्यंत हाच नेहमीचा मार्ग होता.

फेरीबोट म्हणजे सपाट तळाची, उघड्या डेकची बोट. धक्क्याला लागली की पुढची लोखंडी फळी खाली टेकते आणि गाड्या तिच्यावरून आत चढतात. खलाशी हात हलवत प्रत्येकाला जागा दाखवतो, चालक गिअर टाकून हँडब्रेक ओढतो. ओहोटीला उताराचा खालचा भाग उघडा पडतो, तिथला चिखल फार निसरडा. स्कूटरवाल्यांनी तर पाय टेकवतच उतरावं.

पणजीला मांडवीवर बेतीची फेरी होती. तिथे पूल आधीच झाला होता, पण 5 जुलै 1986 रोजी तो कोसळला आणि सगळा भार पुन्हा फेरीबोटींवर आला. फेरी ही फक्त जुनी आठवण नाही हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

हा अनुभव आजही घेता येतो. रायबंदरहून चोडणला गाडी घेऊन जा. पक्षी अभयारण्य पाहायचं असेल तर सकाळी लवकरची फेरी धरा.