नवीन घरात एसीसाठी भिंतीवरचा वायर्ड रिमोट घ्यावा, की आयआर ब्लास्टरवर भागेल?

भाऊ, तुम्ही विचारून राहिले की नागपुरात बेसाला घराचं काम सुरू आहे, खाली हॉलमधे डक्टेबल एसी (मशीन सीलिंगच्या वर, हवा डक्टमधून) आणि वर तीन बेडरूममधे साधे स्प्लिट लावायचे आहेत, इलेक्ट्रिशियन म्हणतो एसीच्या रिमोटसाठी वायर टाकून ठेवा आणि ऑटोमेशनवाला म्हणतो वायरची भानगडच नको, खोलीत एकेक ब्लास्टर ठेवतो, सगळं मोबाईलवर येईल, तर ऐकायचं कोणाचं. इलेक्ट्रिशियनचं ऐका. भिंतींची छपाई, म्हणजे प्लास्टर, व्हायची असेल तर आजच ऐका, कारण ऑटोमेशनवाला कधीही येऊ शकतो पण रंग झालेल्या भिंतीत झिरी मारायची म्हटलं की घरचे तुम्हाला घरात घेणार नाहीत.

आता कारण सांगतो. ब्लास्टर तुमच्या हातातल्या रिमोटचंच काम करते, साधारण ३८ किलोहर्ट्झवर लुकलुकणारा इन्फ्रारेड उजेड फेकते आणि मोकळं होते, समोरच्या एसीने ऐकलं का नाही हे त्याला कळायचा रस्ताच नाही. वरून एसीचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा नसतो. टीव्हीत एका बटणाचा एक कोड. एसीत तुम्ही नुसता एक डिग्री वाढवला तरी रिमोट मोड, तापमान, पंख्याचा स्पीड, स्विंग असं सगळं गाठोडं एकदम पाठवतो, म्हणून तर रिमोटला स्क्रीन असतो. म्हणजे रिमोटच्या डोक्यात जे आहे तेच खरं धरायचं. आणि घरात रिमोट एक अन् ब्लास्टर दुसरं झालं की दोघांच्या डोक्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी.

आमच्याकडे मागच्या खोलीत ब्लास्टर आहे, जुना एसी आहे म्हणून ठेवलंय. बाबा दुपारी रिमोटने एसी बंद करून खाली येतात, अॅपमधे तो संध्याकाळपर्यंत चालूच दिसतो. ते एक वेळ ठीक. उलटं झालं की त्रास होते, म्हणजे सकाळी ६ वाजता बंद करायचा कमांड गेला, मधे पडदा आला, "बीप" वाजलं नाही, अॅप म्हणते बंद झाला, आणि रिकामी खोली दुपारपर्यंत थंड होऊन राहिली. मोबाईलवर सगळं हिरवंगार, मीटर आपलं फिरून राहिलं.

ब्लास्टरला शिव्या नाही देत मी. भाड्याचं घर असेल, एसी जुना असेल, तर हजार-दीड हजारात त्याच्यासारखं काही नाही. फक्त त्याला एक साक्षीदार द्या. एसीच्या गार हवेच्या तोंडाशी छोटासा तापमान सेन्सर चिकटवा, खोलीपेक्षा तिथलं तापमान आठ-दहा डिग्री खाली गेलं म्हणजे एसी खरंच थंड करून राहिला. किंवा वॅट मोजणारा १६ अँपियरचा स्मार्ट प्लग, तोही फक्त मोजायला. प्लगने एसी बंद-चालू करू नका, कोणी कितीही सांगो. चालत्या कॉम्प्रेसरची लाईट खाडकन तोडणं त्याला मानवत नाही, आणि लगेच परत दिली तरी कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटं थांबूनच उठते, आतलं प्रेशर बरोबर व्हायला. बऱ्याच मशीनमधे बंद केल्यावर पंखा थोडा वेळ फिरून आतली कॉइल वाळवते, तेही राहून जाते आणि मग तो कुबट वास.

वायर्ड कंट्रोलरचा, म्हणजे भिंतीवरच्या त्या तारेच्या रिमोटचा, खरा फायदा भिंतीवर चांगला दिसतो हा नाही, तो दोन्ही बाजूंनी बोलतो हा आहे. इनडोअर युनिट त्याला सांगत राहते की मी चालू आहे, इतक्यावर आहे, खोलीत इतकं तापमान आहे, अमुक एरर आला. आणि त्याच तारेवर दुसरं कोणी ऐकत बसलं, म्हणजे गेटवे (एसीची भाषा ऑटोमेशनला समजावणारा डबा) म्हणा किंवा होम असिस्टंट या घरच्याच मशीनवर चालणाऱ्या ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरला जोडलेलं छोटं सर्किट म्हणा, तर त्यालाही खरं काय ते कळते. बाबांनी भिंतीवरून २५ केलं की मोबाईलवर २५ दिसणार, तुम्ही ऑफिसातून बंद केला की भिंतीवर बंद. माझ्या मते ऑटोमेशनची पहिली अट हीच आहे, बाकी अलेक्सा-बिलेक्सा नंतरची हौस.

तार कशी टाकायची ते नीट वाचा, कारण इथेच मिस्त्री घाई करतात. डायकिनच्या डक्टेबलला आणि कॅसेटला (सीलिंगमधे बसणारा चौकोनी एसी) पी-१ पी-२ अशी दोन तारांची लाइन असते, तिला प्लस-मायनस नसतो, कशीही जोडा. एलजीला तीन तारा लागतात, १२ व्होल्ट, सिग्नल आणि ग्राउंड. मित्सुबिशी, हिताची, फुजित्सु यांचं प्रत्येकाचं आपलं वेगळं. तुमचा ब्रँड ठरला नाही म्हणता, तर चार कोअरची शिल्डवाली केबल, ०.७५ स्क्वेअर एमएमची, स्वतंत्र पाइपातून. स्वतंत्र म्हणजे स्वतंत्र, २३० व्होल्टच्या वायरीसोबत एका पाइपात कोंबली तर कंट्रोलर मधेच कम्युनिकेशनचा एरर दाखवून राहील आणि कंपनीचा माणूस पीसीबी, म्हणजे आतलं सर्किट बोर्ड, बदला म्हणेल. पाइप २५ एमएमचा टाका, आत ओढायची दोरी ठेवा, उद्या केबल बदलावी लागली तर भिंत फोडायची गरज नाही. आणि इलेक्ट्रिशियनला समोर उभं राहून सांगा की या तारेवर मेन सप्लाय द्यायचा नाही. हसू नका, नवीन मुलं टर्मिनल दिसलं की फेज देतात आणि बोर्ड जाते.

कंट्रोलरचा बॉक्स कुठे काढायचा याला लोक दोन मिनिटंही देत नाहीत, स्विचबोर्डच्या शेजारी जागा दिसली की तिथे. पण बहुतेक वायर्ड कंट्रोलरच्या आत तापमानाचा सेन्सर असतो आणि सेटिंगमधून ठरवता येते की एसीने हवा ओढायच्या तोंडावरचा सेन्सर मानायचा का भिंतीवरचा. आपल्या नागपुरात हे फार महत्त्वाचं आहे बाप्पा. २०१३ च्या २३ मे ला ४७.९ झालं होतं ते सोडा, साध्या ४४-४५ च्या दिवशीसुद्धा वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. खामल्याला माझ्या मावसभावाकडे वरच्या हॉलमधे कॅसेट आहे, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, त्याचा फोन, एसी २४ वर आहे तरी मशीन थांबतच नाही आणि खाली बसणारे शाली घेऊन बसले. दोन साधे थर्मामीटर नेले. एक सीलिंगच्या ग्रिलपाशी बांधला तर तिथे २९, दुसरा सोफ्यावर ठेवला तर २४ च्याही खाली. मशीन पीओपीच्या वरच्या गरम हवेचं तापमान वाचत होती आणि खालच्यांना गोठवत होती. गॅस कमी नव्हता, मशीन छोटी नव्हती. कंट्रोलरच्या फील्ड सेटिंगमधे (लावणाऱ्यासाठी असलेला मेनू) जाऊन सेन्सर भिंतीवरचा केला, काम संपलं. लावणाऱ्याने हे सेटिंग उघडूनच पाहिलं नव्हतं, तो गॅस भरायचे पैसे सांगून गेला होता.

म्हणून बॉक्स पाच फुटांच्या आसपास, जिथे आपण बसतो-झोपतो त्या बाजूला, पण एसीची हवा सरळ अंगावर येणार नाही अशा जागी. पश्चिमेच्या भिंतीवर नको, ती भिंत संध्याकाळी हाताला चटका देते आणि सेन्सर तेच वाचेल. दाराच्या मागे नको, टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सच्या वर नको. बॉक्समधे येणारा पाइप मागून थोडा बंद करा, नाहीतर पाइपातून येणारी गरम हवा सेन्सरला लागते.

बेडरूमच्या स्प्लिटचं प्रकरण थोडं वेगळं. भिंतीवरचे स्वस्तातले स्प्लिट वायर्ड कंट्रोलर घेतच नाहीत, काही घेतात पण त्याला वेगळं अॅडॉप्टर बोर्ड लागते, आणि पुष्कळदा ते बोर्ड आणि वायफायचं मॉड्यूल एकाच सॉकेटवर बसते, म्हणजे दोघांपैकी एकच. डायकिनच्या बऱ्याच स्प्लिटमधे त्या सॉकेटला एस-२१ म्हणतात, मित्सुबिशी इलेक्ट्रिकमधे सीएन-१०५. हौशी लोक ईएसपी-३२ हे वायफायवालं छोटं बोर्ड तिथे लावून होम असिस्टंटला जोडतात, मस्त चालते, कंपनीच्या सर्व्हरची गरजच नाही. पण वॉरंटी चालू असताना कव्हर उघडू नका, पाहिजे तर कंपनीचं मॉड्यूल घ्या. माझा सल्ला विचाराल तर बेडरूममधे वायफाय आत असलेलाच एसी घ्या, पण तारेचा पाइप तिथेही टाकून ठेवा, पाइपाचे काय पैसे लागतात. दुकानात मॅटर, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट वस्तूंना एकत्र चालवणारं स्टँडर्ड, चालते का तेही विचारा. मॅटरच्या १.२ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मधे, रूम एसी हा प्रकार आला, त्यामुळे एका कंपनीचा एसी दुसऱ्याच्या सिस्टिममधे घेणं सोपं होऊन राहिलं. नुसतं "वायफाय एसी आहे साहेब" यावर जाऊ नका, सीताबर्डीच्या बाजारात प्रत्येक दुकानदार हेच म्हणतो. डेमो असेल तर राउटरची इंटरनेटची केबल काढायला लावा आणि मग घरच्या वायफायवरून एसी बंद करून दाखव म्हणा. बहुतेक अॅप तिथेच मान टाकतात, कारण शेजारच्या खोलीतला कमांडसुद्धा कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन परत येतो.

आणि अमेरिकेतून कोणी भाचा-पुतण्या गूगलचा नेस्ट थर्मोस्टॅट (भिंतीवरचा तापमान कंट्रोलर) आणतो म्हणाला तर प्रेमाने नाही म्हणा. ते तिकडच्या २४ व्होल्टच्या सिस्टिमसाठी असते, कॉन्टॅक्ट जोडला की चालू, तोडला की बंद, एवढंच. आपला इन्व्हर्टर एसी स्वतःच्या भाषेत बोलतो, त्याला ते कळत नाही.

तुमच्या डक्टेबलसाठी मात्र एक सोपा रस्ता आहे जो ऑटोमेशनवाले सांगत नाहीत. इनडोअरच्या बोर्डावर बाहेरून बंद-चालू करायचं इनपुट असते का ते मॅन्युअलमधे पाहा, डायकिनमधे टी-१ टी-२ लिहिलेलं असते. हॉटेलात कार्ड काढलं की एसी बंद होते ते अशाच इनपुटवर करता येते. त्याला ड्राय कॉन्टॅक्टवाला स्मार्ट रिले लावला तर घर रिकामं झालं की एसी बंद हे काम पक्कं होते, तापमान वगैरे भिंतीवरून. ड्राय म्हणजे रिलेतून व्होल्टेज येता कामा नये, हे घेतानाच विचारून घ्या. आणखी पुढे जायचं असेल तर इंटेसिससारख्या कंपन्यांचे ब्रँडप्रमाणे गेटवे मिळतात, महाग आहेत, एका हॉलसाठी मी घेणार नाही. घेतलाच तर कंट्रोलर आणि गेटवे यांच्यातला एक मेन आणि एक सब सेट करावा लागतो, दोघंही मेन राहिले तर भांडतात.

ऑटोमेशन काय करायचं? कमी करा. आमच्याकडे टिकलेलं एवढंच आहे: रात्री झोपताना २४ आणि दोन-अडीचनंतर २६ आणि पंखा एकवर, दार दहा मिनिटं उघडं राहिलं तर एसी बंद, आणि लाईट गेली-आली की सगळे एसी एकदम न उठता एकेक करून उठतात. ह्या शेवटच्यासाठी राउटर आणि होम असिस्टंटचं मशीन घरच्या इन्व्हर्टरवर पाहिजे, नाहीतर लाईट आल्यावर एसी आधी उठतो आणि त्याला सांगणारा नंतर. २४ चं म्हणाल तर २०२० पासून स्टार लेबलवाले एसी तसेही २४ वरच सुरू होऊन येतात, आणि बीईई या वीज बचतीच्या सरकारी संस्थेच्या हिशोबाने एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते. माणूस खोलीत आहे का हे पाहून बंद करायचं असेल तर साधा मोशन सेन्सर बेडरूममधे लावू नका, झोपलेला माणूस हलत नाही, रात्री तीन वाजता एसी बंद होईल आणि तुमच्या ऑटोमेशनचा उद्धार होईल. त्यासाठी रडारवाला सेन्सर येतो, श्वासाची हालचालही पकडतो.

अजून एक, हे आपल्याकडचंच आहे. कूलर ठेवणार असाल ना, ठेवालच, मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कूलर बऱ्याच कमी खर्चात काम करते, तर कूलर आणि एसी एकमेकांना बांधून टाका. कूलरला उघडी खिडकी लागते, एसीला बंद खोली, आणि कूलरने हवेत भरलेलं पाणी काढण्यातच एसीची बरीच ताकद जाते. घरात कोणीतरी दोन्ही सोबत लावतेच, आमच्याकडे पाहुणे लावतात. कूलरचा स्विच स्मार्ट करा, एसी चालू झाला की पंप आणि पंखा दोन्ही बंद. पण एसी चालू झाला हे सिस्टिमला खरं कळलं तरच हे चालते, नुसत्या ब्लास्टरवर ते होत नाही.

ब्रँड ठरला की एसीचे मॉडेल नंबर टाका इथे, इन्स्टॉलेशन मॅन्युअलमधली टर्मिनल पाहून कोणती केबल आणि कुठपर्यंत ते सांगतो. तोवर इलेक्ट्रिशियनला प्रत्येक बॉक्समधे फूटभर केबल गुंडाळून ठेवायला सांगा.