लेबलवर नर, फुलात मादी

प्रश्न : न्यू जर्सीत आमच्या घरामागे सहा वर्षांपूर्वी हार्डी किवीचे (थंडी सोसणाऱ्या, छोट्या फळांच्या किवीचे) दोन वेल लावले. लेबलवर एक नर, एक मादी असं होतं. गेली दोन वर्षं मे संपता संपता दोन्ही वेल फुलांनी भरून जातात, पण फळ एकही धरत नाही. मधमाश्या फिरकत नाहीत म्हणून असेल का? ब्रशने परागण करू का?

उत्तर : ब्रश राहू दे. आधी दोन्ही वेलांचं एकेक ताजं फूल तोडून तळहातावर घ्या आणि पाकळ्या बाजूला करून बघा.

मादी फुलाच्या मधोमध पांढऱ्या तंतूंचा झुबका दिसेल, पेटलेल्या फुलबाजीसारखा चहूकडे फाकलेला. त्याच्याखाली बारीक हिरवा गोळा असतो, तेच पुढे फळ होतं. नर फुलात हे दोन्ही नसतं, नुसते काळपट पुंकेसर. फसगत कुठे होते सांगते. मादी फुलातही काळपट पुंकेसर असतात. त्यातले पराग वांझ असतात, पण आपल्याला वाटतं, आहेत की याच्यात दोन्ही! तेव्हा पुंकेसर बघू नका, झुबका बघा.

हे मी पैसे मोजून शिकले. इथे पेनसिल्व्हेनियात माझे 'नर-मादी' दोन्ही वेल मादी निघाले. नर्सरीत कोणाची तरी लेबलांची गल्लत झाली असणार. दोन वसंत मी सकाळी सकाळी स्टुलावर चढून, रंगाचा ब्रश घेऊन या मादीचे पराग त्या मादीला लावत होते. कोरड्या विहिरीत पोहरा सोडायचा तसं. तिसऱ्या वर्षी फूल उलगडून बघितलं आणि स्वतःलाच हसले. आमच्याकडे कोकणात करटोलीचा नर वेल वेगळा, मादी वेगळा, हे लहानपणापासून डोळ्यांसमोर होतं, तरी!

दोन्ही मादी निघाले तर एक नर आणा. एका नरावर सहा-आठ माद्यांचं भागतं. आणताना दोघांचा बहर एका वेळी येतो ना, ते विचारा. दोन्ही नर निघाले तर 'अनानस्नाया' ही मादी लावा, इथे तिला 'अ‍ॅना' म्हणतात. 'इसाई' ही जपानी जात एकटीही फळते, पण नर जवळ असला की जास्त.

जोडी खरी निघाली, तर मात्र मधमाश्यांबद्दलचा तुमचा संशय बरोबर आहे. या फुलांत मध जवळजवळ नसतो, त्यामुळे आजूबाजूला दुसरं काही फुललं असेल तर त्या तिकडेच जातात. अशा वेळी दव सुकल्यावर नुकतंच उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि त्यानेच पाच-सहा मादी फुलांचे झुबके हलके पुसा. ब्रशपेक्षा हे सोपं. पाकळ्या पांढऱ्या असतानाच करा. पिवळ्या पडल्या की उशीर झाला. सगळी फुलं एका दिवशी उमलत नाहीत, तेव्हा एक दिवसाआड फेरी मारा. पराग नीट लागले तर बिया जास्त धरतात, आणि बिया जास्त तर फळ मोठं. मोठं म्हणजे तरी टपोऱ्या द्राक्षाएवढंच, पण साल गुळगुळीत, सोलायची कटकट नाही.

छाटणी हिवाळ्यात, पानं गळल्यावर. मार्चअखेर कात्री लावलीत तर कापलेल्या जागेतून दिवसचे दिवस पाणी ठिबकतं. गेल्या वर्षीच्या फांद्या सगळ्या काढू नका, फुलणारे कोंब त्यांच्यावरच येतात. मांडव मात्र भक्कम हवा. वेल मोकाट सुटू देऊ नका. मॅसॅच्युसेट्समध्ये लेनॉक्सजवळच्या रानात याच वेलाने मोठमोठी झाडं झाकून टाकली आहेत.

प्रश्न : पुण्यात गच्चीवर हार्डी किवी येईल का?

उत्तर : नाही. वेल जगलाच तरी फुलणार नाही, त्याला महिना-दोन महिने खरी थंडी लागते. नर-मादीचीच हौस असेल तर मोठ्या कुंडीत करटोली लावा. बी लावू नका, बियांवरून नर की मादी कळत नाही. ज्याच्याकडे वेल फुललेला पाहिलाय त्याच्याकडून कंद मागून आणा, चार मादीचे, एक नराचा. आणि आणतानाच पिशवीवर खूण करा.